घोडबंदर रोडवर १६ इंची चाकं कशासाठी?

घोडबंदरवासी

कासारवडवलीहून ठाणे स्टेशनकडे जाणाऱ्यांना रस्त्याचं वर्णन सांगायला नको. मेट्रोच्या कामात उकरलेले पट्टे, पेव्हर ब्लॉकची ठिगळं, रस्त्याच्या वर-खाली राहिलेली गटारांची झाकणं आणि वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा इथल्या पुलांचे सांधे. मागे कंबरदुखीने त्रासलेली आई बसलेली असते, तेव्हा प्रत्येक दणका मला आरशात तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

माझं ठाम मत आहे की इथे गाडी घेताना टॉप व्हेरिअंटच्या मोठ्या अलॉयला (मिश्रधातूच्या रिमला) भुलू नये. आधीच घेतली असेल, तर कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या लहान रिमवर यावं. बलेनोचंच बघा. खालच्या व्हेरिअंटला १८५/६५ आर १५, वरच्याला १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला की १५ इंचीची साइडवॉल भरते १२० मिमी, १६ इंचीची १०७. खड्डा झेलणारं रबर आणि हवा १३ मिमीने कमी झाली. चाकाचा एकूण व्यास मात्र दोन्हीकडे ६२१ मिमीच्या आसपास, फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. ग्राउंड क्लिअरन्स तोच, स्पीडोमीटरही तेच दाखवणार. मग जातं काय? फक्त दिसणं.

विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा.

उलवेकर

'फक्त दिसणं' अजिबात मान्य नाही. मी अटल सेतूवरून येतो-जातो, तिथे वेगमर्यादा १०० आहे. त्या वेगात पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि लेन बदलायची वेळ आली, तर उंच साइडवॉल आधी वाकते आणि मग गाडी वळते. ५५ प्रोफाइलवर, म्हणजे १९५/५५ च्या बुटक्या साइडवॉलवर, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आई मागे बसलेली असताना तो जास्तच महत्त्वाचा.

आणि आराम म्हणजे काय फक्त खड्डे? गाडी डुलायला लागली की मागच्या माणसाला मळमळतं. पामबीच रोडवर माझ्या १६ इंची चाकांबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. खराब रस्त्यांसाठी गाडी बदलत बसण्यापेक्षा रस्ते नीट करून मागा.

घोडबंदरवासी

रस्ते मागतोच आहोत, पण आईला आज प्रवास करायचा आहे. गाडी डुलते ती मुख्यतः स्प्रिंग आणि शॉकर नरम असले किंवा थकले की. १३ मिमी रबराने तेवढं होत नाही. आणि कापूरबावडी ते माजिवडा १०० च्या वेगाने कोण जातं?

नेरूळकरीण

उलवेकर, पावसाचं विसरलात. साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. अरुंद १८५ पाणी कापतो. १० मिमीने आकाशपाताळाचा फरक पडत नाही हे खरं, पण 'रुंद म्हणजे सुरक्षित' हे आपल्या जुलैला लागू नाही. तिथे टायरवरच्या नक्षीच्या खाचांची खोली जास्त कामाची. कायद्याने १.६ मिमी चालते, पण इथल्या पावसाला ती फार कमी पडते, मी त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलते.

दुसरं, टायरला येणारा फुगा. खड्ड्याच्या कडेवर आपटताना साइडवॉल रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरते, आतले धागे तुटतात आणि बाहेरून टेंगूळ दिसतं. तो टायर गेलाच, दुरुस्ती नाही. साइडवॉल जितकी बुटकी तितकं हे लवकर होतं. लोखंडी रिम वाकली तर बहुतेकदा ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला तर ती भंगारात टाकायची. मी घोडबंदरवासींच्या बाजूने.

अलाइनमेंटवाला

कोपरखैरण्यात माझं टायरचं काम आहे, म्हणून दोघांनाही थोडं अडवतो. 'गाडी फार आपटते' म्हणून येणाऱ्यांची मी आधी हवा बघतो. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३३ पीएसआय लिहिलेला असतो आणि टायरमध्ये ४० निघते. पंपावर 'जास्त भर, मायलेज मिळेल' सांगून भरलेली. दगडासारखा टायर झाल्यावर १५ असो की १६, कंबर जाणारच. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. चालून तापलेल्या टायरचा आकडा वर दिसतो.

मग टायरचं वय. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. त्यानंतर शॉकर, त्याचे माउंट, लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश. 'खडखड' आवाज येत असेल तर दोष तिथे शोधा, रिममध्ये नाही.

एवढं करून गाडी आपटतच असेल, तर रिम लहान करायला माझी ना नाही. पण मनाने साईज ठरवू नका. कालच एक गृहस्थ १५ वर १९५/६५ मागत होते. त्याचा व्यास ६३४ मिमी, म्हणजे दोन टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ला असेल, आणि पूर्ण वळणावर टायर चाकावरच्या आतल्या लायनरला (प्लास्टिकच्या आवरणाला) घासू शकतो.

उलवेकर

हवेचं शंभर टक्के पटलं. म्हणूनच तर म्हणतो, रिम बदलायची घाई कशाला? मोठे ब्रेक असलेल्या गाडीत लहान रिम कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेक आवळणाऱ्या भागाला) अडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडणार कोण?

अलाइनमेंटवाला

कॅलिपरची शंका रास्त आहे, रिम लावून चाक हाताने फिरवून बघितल्याशिवाय मी टायर चढवत नाही. पण तुमची डिकी उघडा. बऱ्याच टॉप व्हेरिअंटना स्टेपनी १५ इंची लोखंडीच असते. विम्याचं म्हणाल, तर त्याच मॉडेलला कंपनी देते तोच साईज घ्या, बिल ठेवा आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवा. लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडाही, पाहा. १८५/६५ आर १५ बहुतेक ८८ मध्ये येतो, म्हणजे टायरमागे ५६० किलो. १९५/५५ आर १६ बहुतेक ८७, म्हणजे ५४५. लहान रिमवर भार कमी पेलतो असं नाही.

उलवेकर

त्या स्टेपनीवर ८० च्या वेगमर्यादेचं स्टिकरही असतं, तेही सांगा.

अलाइनमेंटवाला

असतं, कारण तेव्हा तीन चाकं एका मापाची आणि एक दुसऱ्या मापाचं. चारही सारखी असली तर ती अट उरत नाही. म्हणून पुढे १५, मागे १६ असं मी कुणालाच करून देत नाही.

घोडबंदरवासी

या रविवारी हवा आणि बुश तपासून घेतो. पण एक मागणी सोडणार नाही: टॉप व्हेरिअंट घेणाऱ्याला १५ इंची चाकं निवडायची सोय कंपन्यांनी द्यावी. टॉप व्हेरिअंटसाठी कंबर पणाला लावायला लागू नये.

उलवेकर

या मागणीला माझाही पाठिंबा. मी मात्र १६ च घेईन.