बोएत्तीचे नकाशे: टाके कुणाचे, नाव कुणाचं?

पायरीवर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "आलिगिएरो बोएत्ती म्हणजे अफगाण बायकांकडून भरतकाम करून घेऊन स्वतःचं नाव लावणारा भामटा." रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

हा इटालियन कलावंत स्वतःचं नाव फोडून 'आलिगिएरो ए बोएत्ती' असं लिहायचा. म्हणजे आलिगिएरो आणि बोएत्ती, दोघं जण. १९६८ मध्ये त्याने स्वतःच स्वतःचा हात धरून उभा असल्याचा फोटो जुळवला, त्याचं पोस्टकार्ड केलं आणि मित्रांना धाडलं. कृतीचा कर्ता एकच असतो हेच ज्याला पटत नव्हतं, त्याला नावाचा हावरट म्हणायचं? १९७१ साली तो काबूलला गेला, गुलाम दस्तगीरच्या साथीने 'वन हॉटेल' चालवलं, तिथल्या बायकांना जगाचे नकाशे भरायला दिले, प्रत्येक देश त्याच्या झेंड्याने भरलेला. जग आहे तसं आहे, झेंडे आहेत तसे आहेत, यात मी काहीच केलं नाही, हे तो उघड सांगायचा. बायकांनी समुद्र गुलाबी भरला, तर त्याने उसवायला लावला नाही. पुढे समुद्राचा रंग त्यांच्यावरच सोडला.

कशिदा:
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेत नाही. "मी काहीच केलं नाही" म्हणायचं आणि लिलावात लाखो डॉलर मिळतात ते त्याच्याच नावाला. मोठ्या नकाशाला वर्ष-दोन वर्षं लागायची. कुणाचे डोळे गेले त्यात?

माझी आई ब्लाउजपीसवर भरतकाम करायची, नगावर पैसे. संध्याकाळी तिला दिसेनासं झालं की सुईत दोरा मी ओवून द्यायचे. दुकानात तोच ब्लाउज काचेत लागला की आम्ही बाहेरून बघायचो. आईचं नाव कुणाला ठाऊक होतं?

गोदाकाठ:
मी तीस वर्षं कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून बोलतो. कापड दुकानदाराचं, जागेचं भाडं त्याचं, माल पडून राहिला तर खोटही त्याचीच. नुसते टाके मोजून हिशेब होत नाही.

कशिदा:
टाका जरा वाकडा गेला की अख्खा नग परत यायचा, वर दोऱ्याचे पैसे आईच्या मजुरीतून कापायचे. ही खोट कुणाची, काका?

गोदाकाठ:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे दिवाळीला बायकांना साडी असायची.

कशिदा:
साडी नको होती. मजुरी हवी होती.

पायरीवर:
अहो, हा धागा बोएत्तीचा आहे! १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, काम बंद पडलं. पुढे पेशावरला, निर्वासित अफगाण बायकांकडे ते पुन्हा सुरू झालं. घरदार सुटलेल्यांना त्या वेळी दुसरं काम कोण देत होतं?

कशिदा:
गरजवंताला काम दिलं म्हणून भाव रास्त ठरतो का? आईलाही हेच ऐकवायचे.

तळ्यातमळ्यात:
एक राहून जातंय. त्याची बॉलपेनची कामं पाहिलीत? मोठाले कागद रेघांनी भरून काढायचे, एक कागद मुलाने, एक मुलीने, तेही इटलीत. त्यांचीही नावं कुणाला माहीत नाहीत. म्हणजे बाई किंवा अफगाण असण्याचा हा प्रश्न नाही, ही त्याची पद्धतच होती. कशिदाताईंचा आरोप यामुळे थोडा ढिला पडतो. पण पायरीवर, तुमचाही बचाव टिकत नाही. कर्ता एक नाही असं मानणाऱ्याने बाकीच्यांना निनावी का ठेवावं?

पायरीवर:
याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मला आवडलेलं नाही. नकाशाच्या काठावर इटालियन आहे, फारसीही आहे. एवढ्या लांब काठात चार नावं मावली असती. पण भामटा नाही. पेशावरच्या त्या घरांत परक्या पुरुषाला जाता येत नव्हतं, म्हणून १९९० मध्ये एक बाई छायाचित्रकार आत गेली आणि त्या बायकांचे फोटो निघाले. त्यांची ओळख पुसायची असती तर ते फोटो झालेच नसते.

कशिदा:
ठीक आहे. भामटा नाही, दुकानदार म्हणते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमात, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, नकाशे पाहिले. टाके इतके जवळजवळ की कापड दिसत नव्हतं. मी तिथेच रडले. नवरा म्हणाला, चल. भिंतीवरच्या पाटीत मी नावं शोधत होते.

गोदाकाठ:
दोऱ्याचे पैसे कापणं चूकच होतं. बाकी हिशेबावर मी ठाम आहे.