मदत हवी आहे: लिनिअर अर्ध्या मिनिटात ट्रिप होतोय, ट्यूब गेल्या का?

मांद्रेकर_एचएफ
नमस्कार मंडळी. माझा हॅम रेडिओचा लिनिअर (रिगची, म्हणजे रेडिओ सेटची, पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) सारखा ट्रिप होतोय. स्टँडबायवर सगळं व्यवस्थित. ट्यून करताना चारशे वॅट आरामात देतो. मग जरा चालवला की ट्यूबच्या ग्रिड करंटचा काटा हळूहळू चढतो, टक्क करून रिले पडतो आणि लाल दिवा. पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालतो आणि परत तेच. ट्यूब ८११ए आहेत. एका सीनियर ओएमकडून (जुन्या हॅमकडून) सेट घेतलाय, पावसाळाभर बंद होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइडचा फोन (म्हणजे बोलून करायचा) कॉन्टेस्ट आहे, त्याआधी सेट उभा राहायलाच हवा. नवीन ट्यूब मागवू का, सारख्या गुणांच्या (मॅच्ड) ट्यूबच लागतात का आणि भारतात लवकर कुठे मिळतील, एवढं सांगा. होमब्रू (घरी बनवलेला) आहे, त्यामुळे मॅन्युअल वाचायला सांगू नका.

जुना_व्हॉल्व्ह
ट्यूबचे पैसे आताच खर्च करू नका. आधी सांगा: ट्यूब किती? एचटी (ट्यूबचं हाय व्होल्टेज) किती? बँड कुठला? अँटेना कुठली? डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) चालवून पाहिला का? आणि "जरा चालवला" म्हणजे एसएसबी (आवाज), सीडब्ल्यू (मोर्स) की आणखी काही? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

ट्यूब म्हातारी झाली की आउटपुट पडतं आणि ग्रिड करंटही सहसा कमीच होतो. तुमच्याकडे सुरुवातीला पूर्ण पॉवर आहे आणि मग ग्रिड चढतोय. मला हे ट्यूबचं लक्षण वाटत नाही.

फोंड्याचा_फेज
लाईन व्होल्टेज तपासा. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि एसी चालू झाले की २०० व्होल्टच्या आसपास येतं. ८११एचा फिलामेंट ६.३ व्होल्टचा आहे. लाईन २०० झाली की फिलामेंटला साडेपाचच मिळतात. थोरिएटेड टंगस्टन आहे तो, कमी व्होल्टेजवर जास्त पॉवर काढली तर एमिशन कायमचं जातं. तीन केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. मी घेतल्यापासून एकही ट्यूब बदललेली नाही.

मांद्रेकर_एचएफ
लाईन दुपारी २२५, रात्री २१०. दोन्ही वेळेला ट्रिप होतो, म्हणजे तो प्रश्न नाही. ट्यूब तीन. एचटी बिनलोड १६००. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळते ते, १ म्हणजे उत्तम) एकदम ठीक आहे, १.३.

साखळी_५९
एसडब्ल्यूआर १.३ कधी पाहिला भाऊ? नुसत्या रिगवर की लिनिअर चालू असताना? आणि ट्रिप व्हायच्या क्षणी मीटर काय दाखवतो? माझं म्हणणं, तिथेच घोळ आहे.

एलडीमॉस_मुंबई
२०व्या शतकातल्या ट्यूबमध्ये किती दिवस अडकणार? बीएलएफ१८८एक्सआर या एलडीमॉस ट्रान्झिस्टरचं बोर्ड घ्या, ५० व्होल्टचा सप्लाय, लो-पास फिल्टर, मोठा तांब्याचा स्प्रेडर आणि हीटसिंक. वॉर्म-अप नाही, ट्यून-लोड नाही, १६०० व्होल्टची भीती नाही. मी ट्यूबचा सेट विकला आणि सुटलो.

जुना_व्हॉल्व्ह
@एलडीमॉस_मुंबई, त्यांचा दोष अँटेनात असेल तर तुमचं ट्रान्झिस्टरचं बोर्ड पहिल्याच ट्रान्समिशनला जाईल. ८११ए निदान लाल होऊन सांगते तरी की मला त्रास होतोय. प्रोटेक्शन सर्किट जरा उशिरा जागं झालं तर एलडीमॉस काही सांगायच्या आत गेलेला असतो. बोर्ड चांगलं आहे, पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

एलडीमॉस_मुंबई
आजच्या बोर्डांना एसडब्ल्यूआर प्रोटेक्शन मायक्रोसेकंदात लागतं. तुमचा अनुभव जुन्या मॉसफेटचा दिसतो. तरीही डमी लोडवर आधी बघावं, हे मला मान्य आहे.

नवशिक्या_वास्को
मध्येच विचारतो, माफ करा. मला लायसन्स काढायचंय. ४०० वॅट कोणालाही चालतात का? परीक्षा गोव्यात होते का?

साखळी_५९
@नवशिक्या_वास्को, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ५० वॅट, ४०० वॅट जनरलला. जनरलला मोर्सची परीक्षा द्यावी लागते, रिस्ट्रिक्टेडला नाही. अर्ज सरल संचार पोर्टलवरून. वेगळा धागा काढ, सविस्तर सांगतो. इथे मांद्रेकरांचं काम आधी होऊ दे.

मांद्रेकर_एचएफ
आता लिनिअर चालू ठेवून मीटरवर नजर ठेवली. साखळीवाले बरोबर आहेत. सुरुवातीला १.३, मग १.५, २, आणि ३ च्या जवळ गेला की रिले पडतो. लिनिअर बायपास करून नुसत्या रिगच्या १०० वॅटवर कितीही वेळ १.३ च राहतो. अँटेना ओसीएफ (ऑफ-सेंटर फेड) आहे, ४१ मीटर तार, एका बाजूला माडाला, दुसऱ्या बाजूला गच्चीवरच्या पाइपला. चार-एकचा बॅलन (कोॲक्स केबल तारेला जुळवून जोडणारा ट्रान्सफॉर्मर), ऑनलाइन घेतलेला, त्यावर १ किलोवॅट लिहिलंय. २० मीटर (१४ मेगाहर्ट्झ) बँड. एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) करत होतो.

जुना_व्हॉल्व्ह
एफटी८! हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

तीन ८११एची प्लेट डिसिपेशन प्रत्येकी ६५ वॅट धरली तर एकूण १९५. चारशे वॅट बाहेर काढायचे तर साधारण साडेसहाशे वॅट आत जातात आणि अडीचशेच्या वर उष्णता प्लेटवर उरते. एसएसबीवर बोलताना सरासरी पॉवर बरीच कमी असते म्हणून चालून जातं. एफटी८मध्ये १५ सेकंदांच्या खिडकीत सुमारे साडेबारा सेकंद सलग कॅरियर असतो. प्लेट लाल होतात का? खोलीतला दिवा बंद करून बघा. एफटी८वर २०० वॅटच्या आत राहा.

साखळी_५९
काका, प्लेट लाल झाल्या तरी एसडब्ल्यूआर का चढेल? एसडब्ल्यूआर मीटर लिनिअरच्या पुढे आहे, ट्यूबची तब्येत त्याला दिसत नाही. पुढे काहीतरी गरम होऊन बदलतंय. बॅलन.

जुना_व्हॉल्व्ह
बॅलन असेलच. मी दुसरा दोष सांगतोय. एका सेटमध्ये दोन दोष असू शकतात. बॅलन बदलून ते उद्या परत चारशेवर एफटी८ करतील आणि मग ट्यूबही जातील.

कुडाळ_क्यूआरपी
एफटी८ला चारशे वॅट कशाला हवेत? मी पाच वॅटवर, कंपाउंडच्या भिंतीवर टाकलेल्या तारेने जपान आणि ब्राझील केलंय. पॉवर वाढवून दुसऱ्याचा बँड खराब करण्यापेक्षा अँटेना चार मीटर वर न्या. मनापासून सांगतो, एकदा करून बघा.

मांद्रेकर_एचएफ
@कुडाळ_क्यूआरपी, कॉन्टेस्टला पाच वॅटवर माझा आवाज कुणाला येणार? पॉवर कमी करायची की नाही हा माझा प्रश्न नाही.
@जुना_व्हॉल्व्ह, प्लेट लाल होतात. मधली जास्त. आता वरचं झाकण काढून मधल्या ट्यूबचा सॉकेट बघतो.

जुना_व्हॉल्व्ह
थांबा. झाकणाला हात लावण्याआधी हे वाचा.

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. एचटी मीटर शून्यावर येईपर्यंत थांबा, आणि शून्य दिसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. होमब्रू सेटमध्ये ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर रिकामे करणारा) आतून तुटलेला असू शकतो, मीटरची वायर तुटलेली असू शकते. लाकडी किंवा फायबरच्या लांब काठीला हूक लावा, हुकाला जाड वायर, वायरचं दुसरं टोक चॅसिसला घट्ट. त्या हुकाने एचटी लाईन शॉर्ट करा आणि काम संपेपर्यंत हूक तिथेच लटकत राहू द्या. एक हात खिशात. घरात एकटे असताना उघडू नका. १६०० व्होल्टचा भरलेला फिल्टर बँक चुकायची दुसरी संधी देत नाही. झाकणाला इंटरलॉक (झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो बायपास करून सेट चालवू नका, कितीही घाई असली तरी.

आणि खरं तर आता झाकण उघडायची गरजच नाही. डमी लोड लावा.

फोंड्याचा_फेज
अर्थिंगचं कुणी बोललंच नाही. आपल्याकडे चिऱ्याची जमीन, दोन फुटांवर कातळ लागतो. ऑक्टोबरनंतर माती सुकली की रॉडचा काही उपयोग राहत नाही. तीन रॉड ठोका, कोळसा-मीठ घाला, पट्टीने जोडा.

साखळी_५९
सेफ्टी अर्थ हवाच, त्यात वाद नाही. पण त्याने एसडब्ल्यूआर गरम झाल्यावर चढायचा थांबणार नाही. ओसीएफमध्ये फीड पॉइंट मध्यावर नसतो, दोन्ही बाजू असमान. त्यामुळे कोॲक्सच्या बाहेरच्या अंगाने नको असलेला (कॉमन मोड) करंट धावतो. तो अडवायचं काम त्याच एका चार-एक बॅलनच्या माथी पडतं. ४०० वॅटपैकी ५ टक्के जरी बॅलनच्या फेराइट कोअरमध्ये मुरले तरी २० वॅट झाले. बंद प्लास्टिकच्या डबीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं आहे ते.

फेराइटला एक ठराविक तापमान असतं, क्युरी पॉइंट. ४३ नंबरच्या मिक्सला तो १३० अंशांच्या वर आहे. कोअर तिथे पोचला की त्याची पर्मिएबिलिटी कोसळते आणि बॅलनचं काम थांबतं, थंड झाला की परत येते. दहा मिनिटं थांबल्यावर तुमचा सेट बरा होतो तो याच कारणाने. आणि लोड बदलून हलकं झालं की ८११एचा ग्रिड करंट वाढणारच.

मांद्रेकर_एचएफ
डमी लोडवर चालवला. एसएसबीवर चारशे वॅट, भरपूर वेळ बोललो, काटा जागचा हलला नाही. एफटी८वर २०० ठेवले, प्लेट काळ्याच. म्हणजे लिनिअर चांगला आहे. बॅलन वर माडाच्या बाजूला आहे, आणि आमचा पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) सोमवारशिवाय येत नाही. मी स्वतः चढू का शिडी लावून?

जुना_व्हॉल्व्ह
अजिबात नाही. पावसाने भिजलेला माड आहे. सोमवारची वाट बघा.

एलडीमॉस_मुंबई
आणि सध्या परतीच्या पावसात संध्याकाळी गडगडतंय. कोॲक्स रात्री काढून खिडकीबाहेर ठेवत जा, रिगला लावलेलं सोडू नका. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा कितीतरी ठिकाणी लाईट गेली होती. अशा वेळी बॅटरीवर चालणारा सेट लागतो. माझा ५० व्होल्टचा सप्लाय बॅटरी बँकवर चालतो, तुमचा १६०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर नाही चालणार.

कुडाळ_क्यूआरपी
बॅटरीवर पाच वॅट दोन दिवस चालतात.

मांद्रेकर_एचएफ
बॅलन खाली आला. झाकणाचे स्क्रू काढतानाच जळका वास आला. आत एकच करडा कोअर, त्यावर कुठलाही नंबर नाही. कडेपासून आतपर्यंत तडा गेलाय. वायरवरचं एनॅमल एका बाजूला तांबूस, दुसऱ्या बाजूला काळं, आणि कोअर चिकटवलेल्या गोंदाला फुगे आलेत. कोॲक्सच्या सॉकेटचा मधला संपर्क हिरवा पडलाय, खारं वारं. डबीला खाली भोकच नाही, आत आलेलं पाणी आतच राहत होतं. वर मात्र ठळक अक्षरात १ किलोवॅट.

कॉन्टेस्टला वेळ कमी आहे, बाहेरून कोअर मागवला तर वेळेत येणार नाही. काय करू?

साखळी_५९
कॉन्टेस्टपुरता ओसीएफ विसरा. २० मीटरचा साधा डायपोल (मध्यावर फीड दिलेली तार) टाका. १४२.५ भागिले १४.२ (मेगाहर्ट्झ), म्हणजे सुमारे १०.०४ मीटर, एकेक बाजू पाच मीटरच्या जरा वर. दोन्ही टोकांना थोडी जास्त तार ठेवून दुमडा आणि मग छाटत या. मध्यावर बॅलन नको, आरजी-५८ कोॲक्सची सात-आठ वेटोळी करून टेपने बांधा, कॉमन मोड करंट अडवायला २० मीटरला तेवढा चोक पुरतो. एसएसबीला ती कोॲक्स चालून जाईल. टोकं माडाच्या चुडतांपासून लांब ठेवा. डायपोलच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, ओलं चुडत लागलं तर ठिणगी पडते.

कुडाळ_क्यूआरपी
ओसीएफसाठी नंतर एफटी२४०-३१ कोअर हवा असेल तर माझ्याकडे एक पडून आहे. मला पाच वॅटला त्याची गरज नाही. सावंतवाडीला येणं-जाणं असतं, तिथे भेटून घ्या. चार-एक करंट बॅलन दोन कोअरवर करा आणि खाली वेगळा एक-एकचा चोक लावा, म्हणजे सगळा भार एकट्यावर पडणार नाही. पॉवरबद्दल माझं मत तेच आहे.

मांद्रेकर_एचएफ
डायपोल लागला. १४.२०० ला एसडब्ल्यूआर १.२, आणि एसएसबीवर चारशे वॅटला पण १.२ च, हलत नाही. ग्रिड करंट जागच्या जागी. संध्याकाळी युरोपची दोन स्टेशनं पहिल्याच हाकेला मिळाली. एफटी८वर २०० च्या वर जाणार नाही. @कुडाळ_क्यूआरपी, कोअर हवाय, मेसेज केलाय. सगळ्यांचे मनापासून आभार. ७३ (हॅमचा निरोप).

जुना_व्हॉल्व्ह
छान. मधली ट्यूब जास्त लाल होत होती, ते विसरू नका. कॉन्टेस्टनंतर तिन्ही ट्यूबच्या जागा आपसात बदलून बघा. लाली ट्यूबबरोबर सरकली तर ट्यूब, जागेवरच राहिली तर सॉकेट किंवा पॅरासिटिक सप्रेसर (नको ती ऑसिलेशन रोखणारा भाग). आणि हूक लावूनच.

फोंड्याचा_फेज
स्टॅबिलायझरचं पण बघा. रात्री २१० म्हणजे फिलामेंटला पावणेसहा व्होल्ट, ते कमीच आहेत.