एम२ मॅकबुकवर विंडोजचे गेम चालतात का?

रात्रपाळी: मंडळी, एम२ मॅकबुक एअर घेतलाय, ८ जीबी रॅमवाला. स्टीमवरचे (गेमचं ऑनलाइन दुकान) माझे बरेच गेम फक्त विंडोजचे आहेत, काय करता येईल? मॅकवर विंडोज टाकायचं ॲपलचं बूटकॅम्प तर सापडतच नाहीये.

निळीशाई: बूटकॅम्प फक्त इंटेलवाल्या मॅकवर, २०२० मध्ये एम१ आला तेव्हापासून नव्या चिपवर ते नाहीच. तू क्रॉसओव्हर टाक, ते वाईनवरच (विंडोजचे प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर चालवणारं सॉफ्टवेअर) बनलंय, विंडोज इन्स्टॉल करायची भानगडच नाही, एक बॉटल (विंडोजच्या प्रोग्रामसाठी वेगळा कप्पा) बनवायची, त्यात विंडोजवालं स्टीम टाकायचं आणि लॉगिन केलं की सगळी लायब्ररी समोर. गेम अडखळला तर बॉटलच्या सेटिंगमध्ये डी३डीमेटल चालू करून बघ, ते डायरेक्टएक्सचं (विंडोजची ग्राफिक्स सिस्टिम) काम ॲपलच्या मेटल या ग्राफिक्स सिस्टिमकडे वळवतं. सॉफ्टवेअर पेड आहे पण आधी ट्रायल मिळते, तेवढ्यात आवडते गेम तपासून घे.

अवलिया: +१. फक्त व्हॅलोरंटची आशा ठेवू नकोस, त्या गेमचं अँटीचीट (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतं, आणि इथे खरं विंडोज नसतंच. आणि एअरला पंखा नाही रे, जड गेम बराच वेळ खेळलास की तापून स्पीड उतरतो, ग्राफिक्स कमीच ठेव.

रात्रपाळी: भारी, आजच ट्रायल टाकतो. व्हॅलोरंट खेळत नाही, त्यामुळे टेन्शन नाही.