मदत हवी आहे: विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अनुदान

नमस्कार मंडळी. आमची छोटी संस्था चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या विशेष (दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या) शिक्षकांपैकी काहींना मुख्याध्यापक, समन्वयक म्हणून तयार करायचंय. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत विशेष शाळा चालवायला अनुदान मिळतं, पण आम्हाला हवंय ते प्रशिक्षणासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठीच्या केंद्राच्या ‘सिपडा’ योजनेत आमच्यासारख्यांचा अर्ज चालतो का? दर्पण नोंदणी (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थांची नोंदणी), ऑडिट तयार आहे. घोडं अडलंय अंदाजपत्रकात. मानधन, प्रवास, निवास वेगवेगळं दाखवायचं की एकत्र? (पाड्यावरच्या बाईंची संध्याकाळची एसटी चुकली की मुक्कामच!) प्रशिक्षणाला भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं नियमन करणारी केंद्राची संस्था) मान्यता आधी काढावी की मंजुरीनंतर? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुणी असा प्रस्ताव केला असेल तर नमुना दाखवा. एजंट मात्र नको, भाऊ.