घरच्या डिस्क-संग्रहात कोणते चित्रपट असायलाच हवेत?

प्रश्न

गेली कित्येक वर्षे मी हाताला लागतील तशा डीव्हीडी आणि ब्लू-रे घेत आलो आहे. परवा मांडणी आवरायला घेतली तेव्हा लक्षात आले की जवळजवळ दोनशे डिस्कांपैकी निम्म्यांहून अधिक मी आणल्यापासून एकदाही लावलेल्या नाहीत. काहींच्या खोक्यांवरचे प्लास्टिकसुद्धा तसेच आहे. उलट ज्या चित्रपटांची मनापासून आठवण येते, त्यांतले बरेचसे माझ्याकडे नाहीतच. ते कधीतरी ऑनलाइन पाहिले होते, आणि आता शोधायला गेलो तर तिथून ते काढून टाकलेले आहेत. म्हणून ठरवले आहे की यापुढे एकच कप्पा ठेवायचा, पन्नासेक डिस्क मावतील एवढा, आणि त्यात जे असेल ते विचारपूर्वक निवडलेले असेल.

अडचण निवडीची आहे. सर्वश्रेष्ठ शंभर चित्रपटांच्या याद्या मी वाचल्या, पण त्यांवरून चित्रपटाचे इतिहासातले स्थान कळते, तो माझ्या कप्प्यात का असावा हे कळत नाही. त्यातून एकाच चित्रपटाच्या तीन-चार आवृत्त्या निघालेल्या असतात आणि त्यांच्या लांबीत वीस-वीस मिनिटांचा फरक असतो. घरी आम्ही तीन पिढ्या एकत्र बसून पाहतो, त्यामुळे केवळ माझ्या आवडीवर भागणार नाही. आपण स्वतः निवड करताना कोणती कसोटी लावता, हे जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद १

अर्धे उत्तर तुम्हाला मांडणी आवरतानाच मिळाले आहे, असे मला वाटते. जो चित्रपट पुन्हा पाहावासा वाटत नाही, तो कितीही थोर असला तरी त्याची डिस्क घरी ठेवण्यात अर्थ नाही. माझी पद्धत अगदी साधी आहे. खोके न उघडता, नुसते नाव वाचून, त्या चित्रपटातले एखादे दृश्य डोळ्यांसमोर येते का ते मी पाहतो. नुसते कथानक आठवले आणि दृश्य एकही आठवले नाही, तर ती डिस्क मी देऊन टाकतो.

उदाहरणादाखल सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा '१२ अँग्री मेन' घ्या. ९६ मिनिटांचा चित्रपट, आणि तो जवळजवळ सगळा खुनाच्या खटल्यातल्या ज्युरींच्या एका खोलीत घडतो. पहिल्यांदा पाहताना आपले सारे लक्ष निकाल काय लागतो याकडेच असते. दुसऱ्यांदा पाहताना जाणवते की सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर आहे, मधल्या भागात तो नजरेच्या पातळीला येतो आणि शेवटच्या भागात त्याच्याही खाली जातो. शिवाय भिंगे हळूहळू लांब पल्ल्याची होत गेल्यामुळे मागच्या भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटतात आणि एरवी न दिसणारे छत डोक्यावर येऊन टेकते. खोली तीच, पण ती आवळत जाते. तिसऱ्यांदा मी बोलणाऱ्यांकडे पाहिलेच नाही, फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहत राहिलो, आणि मला वेगळाच चित्रपट दिसला. अशा चित्रपटाला कप्प्यात जागा मिळायलाच हवी.

ज्याची सगळी मौज शेवटच्या धक्क्यात आहे, तो रहस्यपट एकदा पाहिला की संपतो. हिचकॉक यांचा 'रिअर विंडो' (१९५४) मात्र उत्तर माहीत असूनही पाहता येतो, कारण समोरच्या प्रत्येक खिडकीत एक स्वतंत्र छोटी गोष्ट चाललेली असते आणि दर वेळी आपण नव्या खिडकीकडे लक्ष देऊ शकतो.

प्रतिसाद २

कोणता चित्रपट घ्यावा यावर पुष्कळ लिहिले जाते. त्याची कोणती आवृत्ती घ्यावी याकडे मात्र दुर्लक्ष होते, म्हणून मी त्याविषयीच जरा सविस्तर लिहितो. आपण डिस्क विकत घेतो तेव्हा आपल्याला त्या चित्रपटाची एक विशिष्ट प्रत मिळते, आणि ती प्रत वाईट असेल तर उत्तम चित्रपटही घरी निर्जीव होऊन बसतो.

सर्वात आधी लांबी पाहावी. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखवला गेला आणि त्यानंतर लगेच त्याची कापाकापी झाली. कापलेला भाग कायमचा गेला असे अनेक दशके मानले जात होते. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या एका संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली आणि सुमारे २५ मिनिटांचा भाग परत मिळाला. तो भाग जोडलेली आवृत्ती २०१० मध्ये आली. ती सुमारे अडीच तासांची आहे. तिच्यात परत जोडलेली दृश्ये ओरखड्यांनी भरलेली आहेत आणि त्यांची चौकटही थोडी लहान आहे, त्यामुळे कोणता तुकडा किती प्रवास करून आपल्यापर्यंत आला हे पाहता पाहताच कळते. खोक्यावर यापेक्षा फार कमी वेळ लिहिलेला असेल, तर ती जुनी, अपुरी आवृत्ती आहे असे समजावे. कुरोसावा यांच्या 'सेव्हन समुराई'ची (१९५४) पूर्ण लांबी २०७ मिनिटे आहे. परदेशांत त्याच्या बऱ्याच छोट्या प्रती फिरल्या, म्हणून हा आकडा लक्षात ठेवणे उपयोगाचे.

लांबीतला सगळाच फरक कापण्यामुळे पडतो असे नाही. चित्रपटाचे चित्रण सेकंदाला २४ चौकटी या गतीने होते, पण पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्ही-पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो साधारणपणे सेकंदाला २५ चौकटींनी चालवला जातो. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटे आधी संपतो आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर तीही किंचित चढते. संगीतप्रधान चित्रपट असेल तर कान तयार असलेल्याला हे खटकते. ब्लू-रेवर चित्रपट सामान्यतः मूळ २४ च्या गतीनेच असतो.

आता चित्राविषयी. पाल डीव्हीडीच्या एका चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख चित्रबिंदू असतात. ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रेत त्याच्या चौपट. प्रत्येक चित्रपटाला याची सारखी गरज नसते. चार भिंतींतले संवादनाट्य चांगल्या डीव्हीडीवरही पाहता येते. पण डेव्हिड लीन यांच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त (१९६२) शरीफ अलीचा प्रवेश आठवा. वाळवंटाच्या क्षितिजावर, तापलेल्या हवेच्या थरथरीत, प्रथम एक काळा ठिपका दिसतो. तो ठिपका आहे की डोळ्यांचा भास आहे हे कळत नाही, आणि बराच वेळ तो तसाच राहतो. मग हळूहळू त्याचा उंट होतो आणि उंटावर माणूस दिसू लागतो. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीवर तो ठिपका सुरुवातीला दिसतच नसे, थरथरीत विरघळून जाई, आणि त्यामुळे पडद्यावरची माणसे इतका वेळ कशाकडे पाहत आहेत हेच उमगत नसे. ब्लू-रेवर पाहिले तेव्हा त्या प्रसंगातली धास्ती मला पहिल्यांदा जाणवली. ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, निगेटिव्हवर चित्रित झालेले असे चित्रपट नेहमी मोठ्या क्षमतेच्या डिस्कवरच घ्यावेत.

मात्र बिंदूंची संख्या म्हणजे दर्जा नव्हे. फिल्मला स्वतःचा कण (चित्रातला बारीक रवाळपणा) असतो, आणि काही कंपन्या तो कण म्हणजे दोष समजून संगणकाने पुसून टाकतात. मग कपाळावरच्या सुरकुत्या जातात, कापडाची वीण जाते आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. शक्य असेल तर विकत घेण्याआधी एखाद्या परीक्षणातले स्थिरचित्र मोठे करून गालाची त्वचा पाहावी. ती अतिशय गुळगुळीत असेल तर ती प्रत टाळावी.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची (१९५५) गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अपू-त्रयीची (हा चित्रपट आणि त्याचे पुढचे दोन भाग यांची) मूळ निगेटिव्हे १९९३ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. जळके, ठिसूळ झालेले ते तुकडे जपून ठेवले गेले आणि पुढे इटलीतल्या बोलोन्यात तंत्रज्ञांनी ते ओलावा देऊन मऊ केले, हाताने सांधले आणि जेवढे वाचले तेवढे स्कॅन केले. उरलेला भाग इतर प्रतींमधून भरून काढला. हे काम २०१५ मध्ये लोकांसमोर आले. त्याआधीच्या अंधुक, खरखरीत डीव्हीडीवर ज्यांनी हा चित्रपट पाहिला असेल, त्यांनी नवी प्रत अवश्य घ्यावी. तळ्याच्या पाण्यावरचे किडे आणि काशफुलांचे शेत या दोन दृश्यांतच फरक समजेल.

प्रतिसाद ३

आवृत्तीविषयी वर जे लिहिले आहे ते पटले. पहिल्या प्रतिसादातल्या कसोटीशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. आठवते तेवढेच ठेवायचे म्हटले, तर संग्रहात आपल्याला आज जे आवडते तेवढेच उरेल. घरी डिस्क असण्याचा मोठा लाभ हा की ती आपली वाट पाहत थांबते.

ओझू यांचा 'टोक्यो स्टोरी' (१९५३) मी विशीत पाहिला तेव्हा अर्ध्यावर बंद केला होता. म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे राहायला येतात, मुलांना वेळ नसतो, ते परत जातात. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला आणि जवळजवळ हलतच नाही. दृश्य आठवते का असे तेव्हा कोणी विचारले असते, तर मी एकही सांगू शकलो नसतो आणि डिस्क देऊन टाकली असती. पंधरा वर्षांनी, घरात तशीच एक रिकामी खोली झाल्यावर, तो पुन्हा लावला. शेवटी शेजारीण खिडकीशी थांबून चार शब्द बोलते आणि वडील तिला म्हणतात की एकट्याने राहायचे म्हणजे आता दिवस फार मोठे वाटतील. हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू आहे. त्यानंतर मला बराच वेळ उठता आले नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की पन्नासांतल्या निदान दहा जागा, जे चित्रपट जाणकारांनी वारंवार वाखाणले आहेत पण आपल्याला अजून उमगलेले नाहीत, त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात.

तीन पिढ्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. लहान मुलांना सबटायटल्स वाचता येत नाहीत, आणि वयस्कर माणसांना ती वाचेपर्यंत पुढचे वाक्य आलेले असते. आमच्या घरी हा प्रश्न मूकपटांनी सोडवला. चॅप्लिन यांचा 'सिटी लाइट्स' १९३१ चा, म्हणजे बोलपट रूढ झाल्यानंतरचा, तरीही त्यात पात्रांचे संवाद ऐकू येत नाहीत. मधल्या पाट्या थोड्या आहेत आणि त्या एकाने मोठ्याने वाचल्या तरी पुरते. मुष्टियुद्धाच्या प्रसंगाला आमच्याकडे सहा वर्षांची मुलगी आणि तिची पणजी एकाच वेळी हसतात.

तसाच, पण अगदी दुसऱ्या टोकाचा, ड्रायर यांचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८). त्याची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती आणि १९८१ मध्ये ऑस्लोतल्या एका मनोरुग्णालयात त्याची सुस्थितीतली प्रत सापडली. हा लहान मुलांसोबत पाहण्याचा चित्रपट नाही. मोठ्यांनी तो एकदा संगीताशिवाय, पूर्ण शांततेत पाहून घ्यावा.

प्रतिसाद ४

निवड झाल्यावर त्या डिस्का टिकल्याही पाहिजेत, म्हणून थोडे लिहितो. खोक्यातून डिस्क काढताना बहुतेक जण कडेला बोट घालून ती उचकटतात. त्याने डिस्क वाकते आणि मधल्या भोकापाशी केसासारख्या बारीक चिरा पडतात. एका बोटाने मधली खुंटी दाबावी, ती दबली की डिस्क आपोआप सुटते. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत न्यावे, गोल फिरवू नये; माहिती गोलाकार मार्गावर नोंदलेली असते, आणि त्या मार्गाला आडवा गेलेला ओरखडा प्लेअर सहज सांभाळून घेतो, पण मार्गाच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा त्याला जड जातो. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाच्या अवघा ०.१ मिलिमीटर खाली असतो. वरचे कठीण लेपन चांगले असले तरी ती उघडी ठेवू नये.

घेण्याआधी रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारी खूण, तपासावा. डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग आहेत आणि ब्लू-रेसाठी ए, बी, सी असे तीन. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला हे बंधन नाही, पण त्याच खोक्यात जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेला ते असू शकते. स्वतः रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीवर कायमचा भरवसा ठेवू नये, कारण तिच्यातला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री खोके न उघडता यादी केली आणि एकशे बारा नावांपुढे मला एकही दृश्य लिहिता आले नाही. तिसऱ्या प्रतिसादामुळे त्यांतली दहा बाजूला काढून ठेवली आहेत, बाकीची जातील. 'लॉरेन्स'ची माझ्याकडची डीव्हीडीही लगेच लावून पाहिली. ठिपका खरोखरच दिसत नाही. आता एकच शंका उरली आहे. 'ब्लेड रनर'च्या पाच आवृत्त्यांचा संच घ्यावा, की एकच पुरे?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे उत्तर

एकच घ्यायची असेल तर २००७ ची अंतिम आवृत्ती घ्या. रिडली स्कॉट यांना तिच्यावर पूर्ण ताबा मिळाला होता आणि चित्रही तिचेच सर्वात चांगले आहे. पण कप्प्यात जागा असेल तर संच घ्यावा असे मी म्हणेन. १९८२ च्या आवृत्तीत नायकाचे निवेदन आहे आणि शेवट सुखाचा आहे. पुढच्या आवृत्त्यांत दोन्ही काढून टाकले. आधी अंतिम आवृत्ती पाहा, आठवड्याभराने १९८२ ची लावा आणि छतावरच्या पावसातल्या प्रसंगाशी थांबा. एकीत नायकाचा प्रतिस्पर्धी बॅटी मान खाली घालतो आणि निवेदन काहीच नसते, दुसरीत त्याच जागी निवेदन आपल्याला काय वाटायला हवे ते सांगू लागते. घरातल्या सगळ्यांना दोन्ही दाखवा आणि कोणाला कोणती पटली ते इथे कळवा.