टाके घालण्याआधी सुई न टोचता जखम बधिर करता येते का?

प्रश्न (सहा वर्षांच्या मुलीची आई, सहकारनगर):
गेल्या रविवारी पर्वतीच्या पायऱ्या उतरताना मुलीचा पाय घसरला आणि कपाळावर साधारण दोन सेंटिमीटरची खोक पडली. रुग्णालयात तीन टाके घातले. मात्र टाक्यांपेक्षा बधिर करण्याच्या इंजेक्शनलाच ती इतकी किंचाळली की चौघांनी धरावे लागले. याला दुसरा मार्ग नसतो का?

उत्तर (अपघात विभागातील डॉक्टर, कोथरूड):
असतो. लिग्नोकेन आणि टेट्राकेन ही बधिर करणारी औषधे व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अॅड्रेनालिन यांच्या मिश्रणाचे जेल उघड्या जखमेत भरून, वर कापूस ठेवून ते 20 ते 30 मिनिटे धरून ठेवतात. भोवतालची त्वचा पांढुरकी दिसू लागली की औषध लागू पडले असे समजतात. चेहरा आणि डोके येथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथे त्याचा गुण चांगला येतो, हातापायांवर तितका येत नाही. अर्धा तास थांबल्याने अशा जखमेचे काही बिघडत नाही. गर्दीत तेवढा वेळ खाट अडकते म्हणून आम्हीच घाई करतो, हे मान्य करायला हवे.

उत्तर (परिचारिका, हडपसर):
सुई टोचण्याआधी लावतात ते लिग्नोकेन-प्रिलोकेनचे मलम वेगळे. ते न फाटलेल्या त्वचेसाठी असून त्याला सुमारे तासभर लागतो, त्यामुळे घरून जखमेत भरून आणू नये. इंजेक्शन द्यावेच लागले, तरी बारीक सुई अखंड कातडीऐवजी जखमेच्या कडेतून घालून औषध सावकाश सोडले तर दुखणे बरेच कमी होते. लिग्नोकेनचे द्रावण आम्लधर्मी असल्याने झोंबते. त्यात साधारण दहास एक या प्रमाणात सोडियम बायकार्बोनेट मिसळल्यास ती आगही कमी होते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. लहान मुलांना हे औषध जास्त होण्याची भीती असते का?

उत्तर (डॉक्टर, कोथरूड):
मर्यादा वजनावर ठरते. अॅड्रेनालिनविरहित लिग्नोकेन दर किलोमागे 4.5 मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे वीस किलोच्या मुलीला 90 मिलिग्रॅम. दोन टक्के द्रावणाचे ते साडेचार मिलिलिटर होतात आणि तीन टाक्यांना त्याहून पुष्कळ कमी पुरते. मुलीला एक मात्र आधीच सांगावे: वेदना गेली तरी दोरा ओढल्याचे जाणवते. हे ठाऊक नसले की मुले त्या ओढीलाच दुखणे समजून रडतात.