फिनॉलचे ड्रम, पत्र्याची शेड आणि मे महिना: गळती झाली तर नेमकं काय करायचं?

गोदाम_वाळूज

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत रेझिनचं युनिट आहे. फिनॉल (कार्बोलिक ॲसिड) २०० किलोच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) ड्रममध्ये येतं, साठ्यात एका वेळी २० ते २४ ड्रम. शेड पत्र्याची, खाली कोबा, मागच्या भिंतीलगत उघडी गटार. थंडीत माल दगडासारखा असतो, त्यामुळे एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) "सांडलेला माल फावड्याने गोळा करणे" एवढी एकच ओळ आहे. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी शेडमध्ये ४४-४५ अंश होतं आणि ड्रम हलवला की आत डुचमळतं. फोर्कलिफ्टचा दात घुसला तर फावड्याने काय होणार?

आत्ताची तयारी: वाळूच्या ४ लाल बादल्या, निळे पातळ नायट्राइल हातमोजे, चुन्याचं एक पोतं, ब्लीचिंग पावडरचं एक पोतं, दाराबाहेर शॉवर. अंगावर उडालं तर आधी पाणी की पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, फिनॉल पुसून काढायचा द्रव)? पाण्याने उलट जास्त शोषलं जातं असं काही जण सांगतात. चुना किंवा ब्लीचिंग टाकावं का? वाळू किती लागेल? गोळा केलेला माल कुठे द्यायचा? पावसाळ्याआधी नवी एसओपी लावायची आहे.

सुरक्षा_चिकलठाणा

दादा, जमिनीचं नंतर बघू, आधी माणसाचं. फिनॉल भाजतं पण दुखत नाही. ते कातडी बधिर करतं, त्यामुळे मांडीवर अर्धा मग सांडलेला माणूस "काही नाही, जरा गार लागलं" म्हणून काम करत राहतो. आधी कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मग तपकिरी होते. तोवर माल रक्तात गेलेला असतो. घाम, चक्कर, कानात आवाज, मग झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. मोठा भाग भिजला तर हे सगळं काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणून एसओपीची पहिली ओळ अशी असू द्या: अंगावर थेंब उडाला तरी दुखायची वाट बघायची नाही.

पाणी की पीईजी हा वाद अर्धवट माहितीमुळे होतो. थोडं पाणी वाईट, भरपूर पाणी चांगलं. ओल्या फडक्याने पुसलं किंवा नळाच्या बारीक धारेखाली हात धरला तर फिनॉल पातळ होऊन जास्त कातडीवर पसरतं आणि आत शिरतं. जोराच्या शॉवरखाली ते वाहून जातं. क्रम असा ठेवा:

१. मदत करणाऱ्याने आधी स्वतः जाड हातमोजे घालायचे.
२. शॉवर पूर्ण उघडून माणूस त्याखाली घ्यायचा आणि पाणी चालू असतानाच कपडे काढायचे, गरज पडली तर कात्रीने कापून. चपला-बूट, पट्टा, घड्याळ, करदोटासुद्धा. चामडं फिनॉल पिऊन बसतं. तो बूट धुऊन परत वापरायचा नाही, घातक कचऱ्यात टाकायचा.
३. पीईजी हाताशी आलं की कापसाचे किंवा गॉजचे बोळे त्यात चिंब भिजवून जागा पुसायची. प्रत्येक वेळी नवा बोळा. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान १५ ते ३० मिनिटं. पीईजी सापडत नसेल तर शोधत बसू नका, शॉवर चालूच ठेवा.
४. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, पापण्या उघड्या धरून १५-२० मिनिटं. डोळ्यात पीईजी नाही.

आता तुमचा दाराबाहेरचा शॉवर. पाणी कुठून येतं? पत्र्यावरच्या काळ्या टाकीतून येत असेल तर मेमध्ये दुपारी ते हात धरवत नाही इतकं तापतं, आणि गरम पाण्याने कातडीतून शोषण वाढतं. आणीबाणीच्या शॉवरचं माप मिनिटाला ७५ लिटर, सलग १५ मिनिटं, म्हणजे एका माणसाला ११२५ लिटर. पाणी १६ ते ३८ अंशांच्या आत. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या युनिटमध्ये ही टाकी सगळ्यात आधी रिकामी होते, कारण तिलाच बागेची नळी जोडलेली असते. वेगळी टाकी, सावलीत, नळीला दुसरा फाटा नाही.

औषधी_शेंद्रा

पीईजीबद्दल दोन गोष्टी. ३०० किंवा ४०० नंबरचंच घ्या. मोठ्या नंबरचं मेणासारखं घट्ट असतं, बोळ्यात शिरत नाही. ५ लिटरचा कॅन आणायचा आणि रुंद तोंडाच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरून ठेवायचा: दोन शॉवरजवळ, दोन ड्रम ओतण्याच्या जागी, एक फर्स्ट एडमध्ये. कपाटाला कुलूप नको. शिफ्ट इनचार्ज चावी घेऊन जेवायला गेला की ती बाटली नसल्यातच जमा.

दुसरं, फोनवर नाव नीट सांगा. १०८ ला "फिनेल सांडलं" असं सांगितलं तर समोरच्याला संडास धुवायचं फिनाईल वाटतं आणि घाई होत नाही. कामगारांचाही हाच गैरसमज असतो: घरात मोरीत टाकतो तेच हे. "फिनॉल, म्हणजे कार्बोलिक ॲसिड, कातडीतून विषबाधा" असं वाक्य मोठ्या अक्षरात फोनशेजारी लावा. घाटीत (सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात पेशंटसोबत एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची) छापील प्रत आणि पीईजीची एक बाटली द्यायची. भाजलेला भाग लहान दिसतो म्हणून लगेच घरी सोडून न घेता ईसीजी, लघवीचा रंग आणि किडनीच्या तपासण्यांसाठी २४ तास देखरेख मागायची. लघवी काळपट-हिरवट होणं हे शोषण झाल्याचं लक्षण.

हॅझमॅट_जालना

ब्लीचिंगचं पोतं आजच त्या शेडमधून बाहेर काढा. आपल्याकडे काहीही सांडलं की ब्लीचिंग टाकायची सवय आहे. फिनॉलवर क्लोरीन पडलं की क्लोरोफिनॉल तयार होतात, उष्णता निघते, विषारी वाफा येतात. चुना आणि कॉस्टिक सोड्याचंही दुखणं आहे: "ॲसिड आहे, अल्कली टाका" हे इथे चालत नाही. फिनॉल फार कमकुवत ॲसिड आहे. कॉस्टिकने त्याचं सोडियम फिनेट होतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि गटारीतून आणखी लांब जातं. विष तेवढंच राहतं, शिवाय आता ते वाहतं.

वाळूचा हिशेब करू. २०० किलो म्हणजे साधारण १९० लिटर. कोऱ्या कोब्यावर ५ मिमीचा थर झाला तर ३८ चौरस मीटर व्यापतं, म्हणजे तुमची अर्धी शेड असेल. कोरड्या वाळूतली पोकळी ढोबळमानाने एक तृतीयांश धरा. मग १९० लिटरला ५७० लिटर वाळू, वजनात ९०० किलोच्या आसपास. तुमच्या ९ लिटरच्या ४ बादल्या म्हणजे ३६ लिटर, त्यात फिनॉल मावणार १२ लिटर. त्या बादल्या आगीसाठीच राहू द्या. वर्मिक्युलाइटच्या (फुलवलेल्या खनिजाच्या) गोण्या ठेवा, वजनाला फार हलकं आणि शोषतं जास्त. लाकडाचा भुसा नको, तो स्वतःच जळणारा.

शोषक आधी कुठे टाकायचं यावर सगळं अवलंबून आहे. लोक डबक्याच्या मध्यावर ओततात आणि कडेने माल गटारीकडे पळतो. पहिली गोणी गटारीच्या तोंडाशी, दुसरी उताराच्या बाजूला बांध म्हणून, मग कडेकडून आत. प्रत्यक्षात क्रम असा:

माणसं बाहेर, पातळ माल असेल तर चारही बाजूंनी ५० मीटर मोकळं. वेल्डिंग, ग्राइंडर बंद. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) ७९ अंश आहे, पेट्रोलसारखा भडका नाही, पण ठिणगीही पडू द्यायची नाही. दारं उघडी, वारा पाठीवर घेऊन जायचं. फोर्कलिफ्टचा दात खालच्या तिसऱ्या भागात घुसतो, म्हणून ड्रम टिल्टरने आडवा करून भोक वर आणा, निम्मी गळती तिथेच थांबते. ड्रमला मिठी मारून उचलायचं नाही. भोकात टेफ्लॉन टेप गुंडाळलेली लाकडी पाचर, मग सगळा ड्रम मोठ्या ओव्हरपॅक ड्रममध्ये. फावडं लोखंडी किंवा प्लॅस्टिकचं; गरम फिनॉल ॲल्युमिनियम खातं. एपॉक्सी केलेली फरशी असेल तर रंग सुटेल, घाबरू नका, तो खरवडलेला रंगही घातक कचराच.

मास्क: ८ तासांची मर्यादा ५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५ भाग), जीवाला तातडीचा धोका २५० पीपीएमला. बंद तापलेल्या शेडमध्ये डबक्याच्या वर हा २५० चा आकडा गाठला जाऊ शकतो. म्हणून उघड्यावर एखाद-दोन लिटरला तपकिरी पट्ट्याचं सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कसह. शेडमध्ये पूर्ण ड्रम गेला असेल तर एससीबीएशिवाय (पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरच्या मास्कशिवाय) आत जायचं नाही, एमआयडीसी फायर ब्रिगेड आणि ११२ ला फोन करायचा. एससीबीएचा सिलेंडर अर्ध्या तासाचा लिहिलेला असला तरी कामात २० मिनिटंच धरा.

गोदाम_वाळूज

खूप उपयोगी. हातमोज्यांचं राहिलं. आणि एक शंका: फिनॉल ४१ अंशांच्या खाली गोठतं ना? मग बांध घालून रात्री गार होईपर्यंत थांबलं आणि सकाळी फावड्याने उचललं तर वाळू, वर्मिक्युलाइट काहीच लागणार नाही?

हॅझमॅट_जालना

कल्पना चांगली आहे, आणि बांध शाबूत, गटार बंद, शेडला पहारा असेल तर तेच करा. घट्ट माल ड्रममध्ये भरला की कचराही कमी होतो, नाहीतर एका ड्रमच्या गळतीचा ११०० किलोचा वाळू-फिनॉल लगदा होतो. मात्र एकच अट: पाणी लागू द्यायचं नाही. फिनॉलमध्ये १ टक्का पाणी गेलं तरी गोठणबिंदू तीन-चार अंशांनी उतरतो. ८-१० टक्के गेलं की खोलीच्या तापमानाला ते पातळच राहतं, सकाळ झाली तरी. त्यामुळे कुणी "जरा धूळ बसवतो" म्हणून पाइप मारला किंवा ओली वाळू टाकली की रात्रभर थांबणं फुकट. पहाटेपर्यंत कोबा किती थंड होतो तेही मोजा. मेमध्ये कोबा दिवसाची ऊब धरून राहतो. हवा ३० ला आली म्हणून फरशी ३० ला आलेली नसते, इन्फ्रारेड थर्मामीटर मारून बघा.

हातमोजे ब्यूटाइल किंवा जाड निओप्रीन, कोपरापर्यंत, बाही मोज्याच्या बाहेरून. निळे पातळ नायट्राइल लॅबमध्ये एखाद्या थेंबापुरते ठीक, इथे त्यांचा भरवसा नाही. आतून फिनॉल आलं तरी कळणार नाही, कारण बधिरपणा.

ईटीपी_पैठणरोड

गटारीचं गांभीर्य आकड्यात सांगतो. पिण्याच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. एका ड्रममधले २०० किलो त्या पातळीला आणायला २० कोटी घनमीटर पाणी लागतं, सुमारे ७ टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे कागदावर एका ड्रमला त्याचा नऊ टक्के हिस्सा. वाटेत जिवाणू बरंच फिनॉल खातात, तरी पावसाळ्यात खाम नदीतून नाथसागराकडे (जायकवाडीच्या जलाशयाकडे) काय जातं याचा विचार करा. शिवाय फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरीन पडतं, आणि क्लोरोफिनॉलचा औषधी वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही घशाला जाणवतो.

धुण्याचं पाणीही थेट ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) सोडू नका. एकदम लोड आला की टाकीतले जिवाणू मरतात आणि मग आठवडाभर साधं पाणीही साफ होत नाही. बंद ड्रममध्ये साठवा, फिनॉल तपासा, मग थोडं थोडं सोडा. सार्वजनिक गटारीला मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, नदी-नाल्याला १.

गोळा केलेला माल पुण्याकडच्या रांजणगावच्या सामाईक घातक कचरा सुविधेकडे. ड्रमवर फॉर्म ८ चं लेबल, गाडीसोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचा कागद), ९० दिवसांच्या आत. भंगारवाल्याला रिकामे ड्रम देणारे पुष्कळ आहेत. तळाशी उरलेला एक-दोन किलो माल घेऊन तो ड्रम पाणी भरायला कुणाच्या तरी अंगणात जातो.

एक स्वस्त उपाय: शेडच्या दाराला ५० मिमीचा सिमेंटचा उंबरठा, दोन्ही बाजूंनी उतार, म्हणजे फोर्कलिफ्ट अडत नाही. ४० चौरस मीटरची शेड असेल तर आत २००० लिटर अडतं, म्हणजे दहा ड्रम. मागच्या गटारीकडची भिंतीची फट त्याच गवंड्याकडून बुजवून घ्या.

सुरक्षा_चिकलठाणा

थंडीचंही एसओपीत टाका. डिसेंबरमध्ये घट्ट ड्रम पातळ करायला खालून शेगडी लावतात. तळाचा माल वितळतो, फुगतो, वर दगड बसलेला. मग तो बूचातून किंवा शिवणीतून उसळतो. बूच सैल करून ६० अंशांच्या गरम पाण्याच्या हौदात उभा ड्रम, पाण्याची पातळी बूचाच्या बरीच खाली. ज्योत नाही.